मंडळीच्या अंदाजपत्रकात पुस्तकांचेही एक कलम असू द्या

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, फादर, वडील आणि पंचकमिटीचे सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

पत्रास कारण की, थोड्याच दिवसांत आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतील. जमाखर्च वाचला जाईल, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडले जाईल. त्यात इमारतीची रंगरंगोटी असेल, साउंड सिस्टीमची दुरुस्ती असेल, नाताळचा मंडप आणि प्रीतिभोजन असेल, बाहेरून येणाऱ्या वक्त्यांचा प्रवासखर्च असेल. हे सारे हवेच. यातले काही कमी करा असे मी म्हणत नाही. माझी विनंती एका नव्या कलमाची आहे. त्या यादीत ‘पुस्तके’ असा एक शब्द लिहा आणि त्याच्यापुढे, मंडळीच्या ऐपतीप्रमाणे, एक रक्कम लिहा.

पुस्तके म्हणजे बायबलच्या प्रती आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक नव्हे. ती आपल्याकडे आहेत आणि देवाच्या दयेने वापरातही आहेत. मी म्हणते ती पुस्तके म्हणजे ज्यांत विश्वासाची आणि आजच्या जगण्याची समोरासमोर गाठ पडते. दवाखाना, कर्ज, जात, लग्न, पाऊस, मोबाइल, एकटेपणा, मरण या सगळ्यांत ख्रिस्ताच्या मागे चालणे म्हणजे नेमके काय करणे, याचा ज्यांनी मनापासून विचार केला, त्यांचे लेखन. असे लेखन आपल्या किती मंडळ्यांत वाचायला मिळते? मी शाळेत मराठी शिकवले आणि वर्षानुवर्षे रविवारी मुलांचा वर्गही घेतला. या दोन्ही कामांमुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच मंडळ्यांत माझे जाणे-येणे आहे. मला तरी असे वाचन क्वचितच दिसले.

आपली मुले प्रश्न विचारत नाहीत, असे पंचकमिटीच्या बैठकीत पुष्कळदा ऐकू येते. मुले प्रश्न विचारतात. फक्त आपल्याला विचारत नाहीत. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा नाताळच्या सुटीत घरी येतो, उपासनेला बसतो, प्रभुभोजन घेतो आणि परत जातो. त्याच्या मनात काय चालले आहे ते तो रात्री मोबाइलवर शोधतो. तिथे त्याला कोण भेटते? कुठल्या तरी मोठ्या शहरातला, झगमगत्या व्यासपीठावरचा एक प्रचारक, जो सांगतो की विश्वास पुरेसा असेल तर पगार वाढेल, आजार जाईल, घर होईल. आणि तसे झाले नाही, तर चूक त्या मुलाच्या विश्वासाची. हे ऐकून ऐकून खचलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना दुसरा आवाज ऐकवायचा तर तो आपण ठेवलेला असायला हवा, त्यांच्या हाताला येईल अशा जागी.

एक प्रसंग सांगते, कारण त्याच्यामुळे हे पत्र लिहायला घेतले. आमच्या ओळखीतली एक मुलगी मिरजेला नर्स आहे, अतिदक्षता विभागात. एका शनिवारी बायबल अभ्यासाला ती आली. अभ्यास संपता संपता तिने विचारले, “व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा हे नातेवाईक ठरवत असतात आणि मधेच माझ्याकडे बघतात. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माहीत असतं. सिस्टर, प्रार्थना करा म्हणतात. मी कशासाठी प्रार्थना करू? जगावा म्हणून, की सुटावा म्हणून?” खोलीत कुणी बोलेना. मग एका वडीलधाऱ्यांनी सांगितले की शंका सैतान घालतो, वचन धरून राहा. ते गृहस्थ मनाने चांगले आहेत, त्यांनी ते प्रेमानेच सांगितले. पण त्या मुलीने वही मिटली, पर्सची चेन लावली आणि पुढचे काही महिने ती अभ्यासाला आली नाही.

तिचा प्रश्न सैतानाचा नव्हता. तो तिच्या कामातून आला होता, आणि ते काम आपल्या भागात सुवार्तेच्या पाठोपाठच आलेले आहे. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये या भागात आले, 1894 मध्ये मिरजेला त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तेव्हापासून आपल्या घराघरांतून नर्सेस, कंपाउंडर, डॉक्टर तयार झाले. शरीराची सेवा म्हणजेच देवाची सेवा, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. मग त्या सेवेतून उठणारे प्रश्न तेवढे मंडळीच्या दाराबाहेर का?

मी तिला आधी बायबलमधले ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचायला सांगितले, पहिले दोन आणि शेवटचा असे अध्याय वगळून, नुसता मधला वाद. आपल्याकडे ईयोब म्हणजे सहनशीलता, असे म्हणून विषय संपवतात. मधले तीसेक अध्याय तो मनुष्य देवाशी भांडतो आहे, त्याचे मित्र त्याला धर्मशास्त्र सांगत आहेत, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. मग सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाची दोन पुस्तके दिली. दोन्ही दुःखावरच आहेत. पहिले 1940 चे. त्यात देव चांगला असताना वेदना का, याचा शांतपणे, एकेक पायरी चढत केलेला विचार आहे. दुसरे 1961 चे, पत्नी कर्करोगाने गेल्यावर लिहिलेले. ते त्यांनी स्वतःच्या नावाने छापलेसुद्धा नाही. आयुष्यभर लोकांना श्रद्धा समजावून सांगितलेला हा माणूस त्यात लिहितो की अगदी गरज पडली तेव्हा देवाच्या दारावर थाप मारली, तर दार तोंडावर आपटले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. पुस्तक तिथे संपत नाही. तो हळूहळू, अडखळत, परत विश्वासाकडे येतो, पण पहिल्या पुस्तकातल्या नेटक्या उत्तरांकडे येत नाही. रात्रपाळीत, पेशंट झोपलेले असताना, डिक्शनरी घेऊन तिने ते वाचले. इंग्रजी तिला जड जात होते. परत करताना म्हणाली, “यांना पण असं झालं होतं, एवढं कळलं तरी मला पुरे.” ती आता अभ्यासाला येते.

पुस्तक एवढेच करू शकते. एवढे मात्र दुसरे काही करू शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, आपण साधी माणसे, आपली परंपरा भजनाची आणि प्रार्थनेची. मला हे मान्य नाही. आपली परंपरा वाचणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 मध्ये छापले गेले. या भूमीवरच्या माणसाला ख्रिस्त सांगायचा तर त्याच्या कानाला सवय असलेल्या छंदात सांगितला पाहिजे, हे त्या परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी उमगले. बाबा पद्मनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. तिचा विषय कोणता? विधवांचे हाल. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाने कथा लिहायला घेतली ती आपल्या काळातल्या सर्वांत दुखऱ्या प्रश्नावर. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून एकटीने सबंध बायबल मराठीत आणले. केडगावला त्यांच्याच आश्रमातल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. समाजाने टाकून दिलेल्या बायका त्या. आणि ‘ज्ञानोदय’ 1842 साली तेव्हाच्या अहमदनगरात निघाला. मंडळीत टपालाने वर्तमानपत्र येते आणि लोक त्याच्यावर बोलतात, ही सवय आपल्याला फार जुनी आहे.

आणि सातारकरांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण मी करून द्यायची गरज नसावी. तरीही देते, कारण आपण त्यांची गीते दर रविवारी गातो आणि त्यांचा विचार मात्र गीतांच्या पुस्तकात मिटून ठेवतो. टिळक ख्रिस्ताकडे आले ते एका पुस्तकामुळे. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचताना ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यात मधे कुणी मोठी सभा नव्हती, स्टेज नव्हते. एक वाचणारा माणूस होता आणि त्याच्या हातात एक पुस्तक होते.

पुढे 1917 मध्ये, वीसएक वर्षांची मिशनची नोकरी सोडून, टिळक साताऱ्याला आले आणि इथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एकत्र बसतील, मिशनच्या पैशावर न जगता या मातीतून उभे राहतील, अशी ती कल्पना होती. आज कुणी अशी कल्पना आपल्या वार्षिक सभेत मांडली, तर काय होईल याचा विचार करून पाहा. ती बरोबर होती की चूक, यावर मतभेद असू शकतात. माझेही काही बाबतींत आहेत. पण साताऱ्यात बसून एक मराठी कवी विचारत होता की विसाव्या शतकातल्या भारतात मंडळी म्हणजे काय, तिचे दार कुठे असावे, आणि तिचे पाय कशावर असावेत. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. प्रश्न इथेच राहिला. त्यांच्या शेवटच्या वर्षांचे चित्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त रेखाटले आहे. ते पुस्तक सगळा महाराष्ट्र वाचतो. मराठीच्या प्राध्यापकांना पाठ आहे. आपल्या तरुण संघातल्या किती मुलांनी वाचले आहे, ते या रविवारी हात वर करायला सांगून पाहा.

आता जरा अवघड बोलते.

सातारा हे आणखी एका मोठ्या वाचकाचे गाव आहे. भीमराव आंबेडकर यांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आपल्या मिशन शाळांतही पाळतात. याच मुलाने मोठेपणी आपल्याविषयी लिहिले आहे. महाराष्ट्र शासनाने 1989 मध्ये काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी मालिकेतल्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. मिशनऱ्यांनी शिक्षणात आणि वैद्यकीय सेवेत केलेले काम बाबासाहेब मोकळ्या मनाने मान्य करतात. मग विचारतात, चर्चमध्ये आल्यावर जात गेली का? अस्पृश्यतेने पिचलेल्या माणसाला तुम्ही सांगता की तुझी अधोगती मूळ पापामुळे झाली. मग ज्या समाजव्यवस्थेने त्याला खाली दाबले, तिच्याविरुद्ध तो उभा कसा राहणार? आणि एक समाज म्हणून भारतीय ख्रिस्ती लोक अन्यायाविरुद्ध आवाज का उठवत नाहीत?

हे प्रकरण प्रत्येक पंचकमिटीने एकदा एकत्र बसून वाचावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. रागवायला हरकत नाही. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. पण आपल्यातल्या कितीतरी घरांना हा प्रश्न रोज भेटतो. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे, यावरून आपल्या घरांत रात्र रात्र जागून चर्चा होतात, नवरा-बायकोत वाद होतात. आणि लग्न जमवायची वेळ आली की मंडळीतल्या मंडळीत, हलक्या आवाजात, जुनी आडनावे आणि जुन्या वस्त्या विचारल्या जातात. व्यासपीठावरून यावर एक शब्द निघत नाही. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी एका व्याख्यानातून ज्या विचाराला तोंड फोडले, तो पुढे दलित ईश्वरविद्या म्हणून ओळखला गेला. देशोदेशींच्या सेमिनऱ्यांत तो शिकवतात. आपल्या पाळकांनी तो सेमिनरीत अभ्यासलेला आहे. तो सेमिनरीच्या फाटकातून बाहेर येऊन आपल्या सतरंजीपर्यंत का पोहोचू नये?

जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यात. जोतीरावांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध होते, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि सगळी एका घरात गोडीने राहतात. त्या घरातला प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवतो. कुणी कुणाला ओढत नाही, कुणी कुणाला अडवत नाही. आज बाहेरचे वातावरण आपल्याविषयी संशयाचे आहे, प्रार्थनासभेच्या दारात कोण उभे राहील याची धास्ती असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, ज्याला आपण काय मानतो हे जाणून घ्यायचे आहे, त्याने दिवसाढवळ्या येऊन, उघड्या कपाटातले पुस्तक काढून, बाकावर बसून वाचावे. त्याच्याइतके स्वच्छ दुसरे काही नाही.

कपाटावरून आठवले. अशी कपाटे आपल्याकडे आहेत, रिकामी नाहीत. एका जुन्या मंडळीतले कपाट मी मध्यंतरी उघडून घेतले. किल्ली शोधायलाच दुपार गेली. ती खजिनदारांच्या घरी, देवदूताचे चित्र असलेल्या बिस्किटाच्या डब्यात सापडली. आत वरच्या खणात ‘ज्ञानोदया’चे बांधीव अंक होते, कडा कसरीने खाल्लेल्या, पण मधली पाने धड. खालच्या खणात ‘ख्रिस्तायन’ होते, टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले. एका पातळशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिले होते: ‘वाचून परत करणे. दुसऱ्या बहिणी थांबल्या आहेत.’ म्हणजे कधीकाळी तिथे स्त्रियांची रांग लागत होती. त्या पानाचा फोटो मी काढून ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांना दाखवीन.

सांगलीकरांना मी कपाटाचे वेगळे काही सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा शहरातल्या किती घरांची, शाळांची, वाचनालयांची पुस्तके गेली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातलेली पाने चिकटून त्यांची वीट झालेली होती. त्या दिवसांत आपल्या मंडळ्यांनी जे केले त्याचा मला अभिमान आहे. चर्चच्या हॉलमध्ये चुली पेटल्या, कुणाची जात-धर्म न विचारता ताटे वाढली गेली. पण पुढच्या रविवारी अनेक ठिकाणी संदेश काय झाला? नोहाचा जलप्रलय आणि पापाची शिक्षा. चिखल काढून हात सोलवटलेल्या माणसाला तो ऐकावा लागला. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा पूर आला.

याच विषयावर पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्तुतिगीतातल्या शब्दांनी ते सुरू होते. पृथ्वी हे आपले सर्वांचे घर आहे, तिचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, आणि सृष्टीची नासाडी हा केवळ सरकारचा नव्हे, विश्वासाचाही प्रश्न आहे, असे त्यात सविस्तर मांडले आहे. आपल्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ते पोपचे म्हणून बाजूला ठेवायचे कारण नाही. महाबळेश्वरला आभाळ फाटते आणि त्याच जिल्ह्यात माण-खटाव टँकरची वाट बघत असतो. सांगलीत पूर येतो आणि जत-आटपाडीला चारा छावण्या लागतात. असल्या मुलखात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला पाण्याचे, धरणाचे, वाळूउपशाचे ईश्वरशास्त्र नको? पूरग्रस्ताला जेवू घालणारे हात आपल्याकडे आहेत. त्याच्याशी काय बोलावे, हे शिकायचे राहिले आहे.

अजून एकाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. डीट्रिच बोनहोफर, जर्मन पाळक. हिटलरच्या काळात बहुतेक चर्चने मान खाली घातली तेव्हा हा उभा राहिला. 1937 मध्ये त्यांचे शिष्यत्वावरचे पुस्तक आले. त्यात स्वस्त कृपेवर कडक टीका आहे: पश्चात्तापावाचून क्षमा, मंडळीच्या शिस्तीवाचून बाप्तिस्मा, वधस्तंभावाचून कृपा. गांधीजींना भेटायला, आश्रमात राहायला त्यांना यायचे होते, 1934 मध्ये गांधीजींचे बोलावणेही आले होते. येणे झाले नाही. 1943 मध्ये अटक झाली. तुरुंगातून त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आज आमच्यासाठी ख्रिस्त कोण आहे? युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी दिले. वयाची चाळिशीही झाली नव्हती. आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना मी ही पत्रे मराठीत थोडी थोडी सांगितली. एरवी मागच्या बाकावर मोबाइल खाली धरून बसणारा मुलगा त्या दिवशी वर्ग संपल्यावर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, हे आम्हाला आधी का नाही कुणी सांगितलं?”

हे मी तुमच्यापुढे तसेच ठेवते. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

काही पाळकांना भीती वाटते की अशा वाचनाने विश्वास डळमळेल. ती भीती खोटी नाही. काही मुले वाचून प्रश्न घेऊन येतील, एखादा काही काळ दूरही जाईल. पण न वाचल्यामुळे जे गेले त्यांची नोंद आपल्या सभासदयादीत तारखेसह नसते, म्हणून ते गेल्याचे दिसत नाही. बिरुयातले लोक पौलाने सांगितलेले खरे आहे की नाही हे रोज शास्त्रात शोधून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने त्यांना त्याबद्दल मोठ्या मनाचे म्हटले आहे. पौलाला तपासून घेणारे चालले, तर आपल्याला तपासून घेणारेही चालावेत.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती खरी आहे. यातले बरेच लेखन इंग्रजीत आहे आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या मराठी वाचतात. पण मराठीत काहीच नाही असे नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आजच्या मराठीत केलेल्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 मध्ये ते गेले, पण पाण्यावर, जमिनीवर, शेजाऱ्यावर ख्रिस्ती माणसाने मराठीत कसे लिहावे हे दाखवून गेले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आहे, त्यातली ख्रिस्ती धर्मावरची नोंद कुठल्याही शिक्षकाला वर्गात वापरता येईल. ती आता इंटरनेटवरही वाचता येते. जे मराठीत नाही ते आणायला आपल्याकडे माणसे आहेत. दोन्ही जिल्ह्यांत किती निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, मेट्रन आपल्या बाकांवर बसतात! प्रत्येकाने एका इंग्रजी पुस्तकाचे चार पानी सार सोप्या मराठीत लिहिले, तरी वर्षभराचे वाचन होईल. पाळकसाहेबांनी वर्षातल्या एका रविवारी संदेशाच्या वेळात एखाद्या पुस्तकाची ओळख करून दिली, तरी चालेल. त्याने वचनाचा मान कमी होत नाही.

पैशाचे म्हणाल तर लहान मंडळीने एकटीने सारे घ्यायला नको. सातारा, वाई, पाचगणी, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज अशा मंडळ्यांनी मिळून संच केला आणि दर दोन-तीन महिन्यांनी पेटी पुढच्या गावाला गेली, तर एसटीच्या पार्सलाएवढा खर्च. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, स्वतंत्र मंडळ्या असा भेद या पेटीने मानू नये. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाचा शिक्का आहे याने वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. पाचगणीजवळच्या भिलारने 2017 पासून पुस्तकांचे गाव म्हणून नाव कमावले, ते गावकऱ्यांनी आपल्या घरांची दारे वाचकांना उघडून दिली म्हणून. आपल्या चर्चची दारे आठवड्यातले सहा दिवस बंद असतात. त्यातली एक संध्याकाळ द्या. एक दिवा, एक पंखा, चार खुर्च्या आणि उघडे कपाट. किल्ली कुणा तरुण मुलीकडे किंवा मुलाकडे द्या, खजिनदारांकडे नको. पुस्तके हरवतील, फाटतील, काही परत येणार नाहीत. ती रक्कम खर्चात धरूनच कलम लिहा.

आणि महिन्यातून एकदा, उपासना झाल्यावर, जेवढे थांबतील तेवढ्यांनी एक प्रकरण मोठ्याने वाचावे. त्या तासापुरता एकच नियम हवा: विचारलेल्या प्रश्नाला कुणी पाप म्हणायचे नाही.

आमच्या मंडळीत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे, ती मिरजेची नर्सच. सुरुवातीला माझ्याकडची पुस्तके मी देते, त्यांत ‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती आहेत. आपल्या सभेत ठराव झाला तर उपवासकाळ सुरू होण्याआधी आमच्या मंडळीच्या कार्यालयात कळवावे, म्हणजे पहिली पेटी कुठून निघायची ते ठरवता येईल. ठराव फेटाळला गेला, तरी त्याची कारणे कृपया लिहून कळवावीत. मी ती मन लावून वाचीन.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद आणि रविवारच्या वर्गाची शिक्षिका,
सातारा